हात, मनगट, कोपर, खांदा

मार्च आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो. यशोगाथा पाठवा. दोन फोटो, एक व्हिडिओ आणि एक पान मजकूर. मूल आधी कसं होतं, मग शिक्षकांनी काय केलं, आणि आता मूल कसं आहे. 'आधी'मध्ये पोरगं जितकं वाईट दाखवाल तितकी गाथा जोरात. मी इतक्या यशोगाथा लिहिल्यात की आता एखाद्या पोराचं नाव निघालं की मला पहिल्यांदा त्याचं 'आधी' आठवतं आणि मग तोंड आठवतं. हे काही बरं लक्षण नाही, पण आहे ते आहे.

मी संघप्रिया बनसोडे, राहणार सोलापूर. साध्या शाळांमधल्या शिक्षकांना दिव्यांग मुलांना कसं शिकवायचं ते शिकवणं हे माझं काम. नोकरी कंत्राटी. गुडघे गेलेत, स्कूटीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्याच्याही आधी गेलेत. प्रशिक्षण घ्यायचं, मग शाळाशाळांत जाऊन शिक्षक ते करतात का बघायचं, आणि करत नसतील तर पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं. नातेवाईक विचारतात, कंटाळा येत नाही का गं? येतो की. न यायला काय झालं.

प्रत्येक प्रशिक्षणात मी एक गोष्ट घोकून घेते. हात, मनगट, कोपर, खांदा. ज्या मुलाला लिहायला जमत नाही, त्याच्या हातावर आधी आपला हात ठेवायचा आणि दोघांनी मिळून अक्षर काढायचं. थोडं जमायला लागलं की आपला हात मागं घ्यायचा आणि मनगट धरायचं. मग मनगट सोडून कोपराला नुसता आधार. मग खांद्यावर एक बोट. मग तेही काढायचं, बाजूला उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. शिक्षकांच्या जोड्या लावून मी हे करून घेते. गुरुजी लोक एकमेकांचे हात धरतात आणि लाजून खिदळतात, बायका हसतात, जेवणानंतरच्या तासाला मागची ओळ पेंगते. मग सगळे आपापल्या शाळेत जातात, पोराचा हात धरतात, आणि तो काही सोडत नाहीत. सोडला की अक्षर बिघडतं, आणि बिघडलेलं अक्षर मास्तर लोकांना बघवत नाही.

अंकिता मात्र त्यांतली नव्हती. निदान मला तसं वाटायचं. होटगीच्या पुढं एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथं ती तिसरीला शिकवायची. पोरगी तिशीच्या आतली, डोळे सताड उघडे ठेवून प्रशिक्षणाला बसायची आणि रविवारी फोन करून शंका विचारायची. माझा रविवार जायचा, पण राग यायचा नाही. इतक्या वर्षांत मला रविवारी फोन करणारी ती एकटीच.

तिच्या वर्गात संगप्पा होता. नाव आजोबाचं, वय नऊ. बौद्धिक अक्षमता, म्हणजे बुद्धीची वाढ वयाच्या बरीच मागं. बोलायचा ते मोजके शब्द, तेही घरच्या कानडीतले. बाप बिरप्पा चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर जायचा, म्हणजे रोज मोटरसायकलवरून शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई नीलम्मा दुसऱ्याच्या रानात कामाला. दिवाळीनंतर बिरप्पा शाळेत आला होता आणि अंकिताला म्हणाला होता की दुसऱ्या जिल्ह्यात अशा पोरांचं होस्टेल आहे, मी बघून आलोय. वर्ष संपेपर्यंत हा काही शिकला तर हितं ठेवतो, न्हायतर जूनला तिकडं टाकतो. नीलम्मा त्या वेळी दाराशी उभी होती. बिरप्पा गेल्यावर तिने अंकिताचे पाय धरले होते.

अंकिताने मला तेव्हाच फोन केला. रडत होती. मी म्हटलं, रडून काय होणार, कामाला लाग. ती लागली. त्याच आठवड्यात पाटी-पेन्सिल घेतली, संगप्पाच्या हातावर हात ठेवला आणि सं, ग, प्पा सुरू केलं. रोज. शाळा सुटल्यावरसुद्धा. मला फोटो यायचे, मी अंगठा पाठवायचे. जाऊन बघायचं राहिलं, कारण मधे निवडणुकीची कामं, मधे तपासणी शिबिरं, मधे माझा गुडघा.

आणि मार्चमध्ये तिचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. संगप्पा लिहायला लागला मॅडम, आख्खं नाव लिहितो, व्हिडिओ पाठवलाय. बिरप्पालाही पाठवला, तो शुक्रवारी पाळी करून थेट शाळेत येणार आहे, डोळ्याने बघतो म्हणाला. तुम्हीही या. यशोगाथा तुमच्याच नावाने पाठवू.

व्हिडिओ मी रात्रीची भांडी आवरून बघितला. पाटी, पेन्सिल, संगप्पाचा हात, वर अंकिताचा हात. पांढरं स्वच्छ अक्षर उमटत होतं. सं. ग. मी पुन्हा बघितला. मग पोराचं तोंड बघितलं. संगप्पा खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बहुतेक शेळ्या असाव्यात, कारण तो खूश होता. पाटीकडं त्याने एकदाही बघितलं नव्हतं, आणि नाव मात्र लिहून पूर्ण झालं होतं.

न बघता कुणी लिहीत नाही. मी लिहीत नाही, तुम्ही लिहीत नाही, आणि नऊ वर्षांचा संगप्पा तर नाहीच नाही. लिहीत होता तो अंकिताचा हात. आणि खोटेपणाचा वाससुद्धा नव्हता त्यात. तिला खरंच वाटत होतं की ती नुसता आधार देतेय. ही चूक फक्त आमच्या धंद्यातली माणसंच करू शकतात, आणि तीही मनापासून काम करणारी. ज्याला पोराचं काही पडलेलं नसतं तो कशाला हात धरतोय.

शुक्रवारी मी लवकर निघाले. बिरप्पा यायच्या आधी तिच्याशी बोलायचं होतं. ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं. शाळेत पोचले तर मुख्याध्यापक माने सर पुढं आले, भले गृहस्थ, म्हणाले मॅडम आमच्या शाळेचं नाव निघणार. मी नुसतं हसले. अंकिता वर्गात होती. छान साडी नेसून आली होती. संगप्पाला तिने पावडर लावली होती, केस पाण्याने बसवले होते. मला बघून आधी म्हणाली की बदलीची ऑर्डर आली, मोडनिंबची शाळा मिळाली, नवरा तिथंच आहे, इतकी वर्षं मागत होते. जूनला जाणार. जायच्या आधी संगप्पाचं मार्गी लागलं, ह्याचंच समाधान आहे मॅडम.

म्हणजे जूनला हा हात जाणार. मी खुर्ची ओढून बसले.

पोरांना तिने कविता पाठ करायला लावली आणि मला ऑफिसात घेऊन गेली. मी तिला तिचाच व्हिडिओ लावून दाखवला. म्हटलं, अंकिता, पाटी सोड, त्याचं तोंड बघ. तिने बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली की तो तसाच आहे, त्याचं लक्ष इकडं तिकडं असतं, पण हाताला समजतं. मी विचारलं, मनगटावर कधी आलीस? तिने फोन मला परत दिला. मग म्हणाली की एकदा प्रयत्न केला होता, पण अक्षर फार वेडंवाकडं आलं, म्हणून पुन्हा हात धरला. थोडं सुधारलं की सोडणार होते.

माझं डोकं फिरलं. खरं सांगते, तिच्यावर नव्हतं फिरलं, पण निघालं तिच्यावर. म्हटलं, वेडंवाकडं आलं तेच त्याचं होतं गं. बाकी हे सगळं तुझं आहे. पाटीवर तुझं सुंदर अक्षर आहे, मला दिसतंय की, डीएडला तुला अक्षराचं बक्षीस असणार. ती रडायला लागली. रडतच म्हणाली, तुम्हीच शिकवलं हात धरा म्हणून. मी म्हटलं, धरायचं शिकवलं तेवढंच ऐकलंस, पुढची तीन कुणी ऐकायची?

आणि मग ती शांत झाली. डोळे पुसले. म्हणाली, "मॅडम, आजच्या दिवस धरू द्या. नुसता आजचा दिवस. तो इथं राहिला की मी जूनपर्यंत सोडवते हात. देवाशप्पथ सोडवते."

माझ्या डोक्यातही तेच आलं होतं. तिने हात धरावा, बापाने बघावं, पोरगं आईजवळ राहावं, मी दोन फोटो काढावेत आणि ऊन उतरायच्या आत घरी जाऊन पाय वर करून पडावं. कुणाचं काय वाईट झालं? मग जूनला नवीन मास्तर येईल, पाटी देईल, आणि संगप्पा खिडकीबाहेर बघत बसेल. बाप म्हणेल, सगळ्यांनी मिळून मला फसवलं. आणि फसवलंच की. पण जून लांब होता आणि मी लई दमले होते. मी म्हटलं, वर्ग तुझा, पोरगं तुझं, तू ठरव. मी मधे बोलणार नाही. हे काही धाडसाचं बोलणं नव्हतं, हे मला बोलतानाच कळत होतं.

बिरप्पा आला तेव्हा अंगावर कारखान्याचाच शर्ट होता. डोळे जागरणाने लाल. मागं नीलम्मा, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. तिने व्हिडिओ गल्लीभर दाखवला होता. माने सरांनी वर्गातच खुर्च्या मांडल्या. बिरप्पा खुर्चीवर बसला नाही, संगप्पाच्या समोर खाली मांडी घालून बसला. पोराने बापाकडं बघितलं आणि त्याच्या शर्टाचं बटण धरून ओढलं. बिरप्पाने ते हळूच सोडवलं आणि पाटी त्याच्या पुढं सरकवली.

अंकिता शेजारी बसली. संगप्पाच्या हातात पेन्सिल दिली. त्याच्या हातावर आपला हात ठेवला. सं आला. स्वच्छ, गोल, डोक्यावर टिंब. नीलम्माने तोंडाला पदर लावला. ग आला. बिरप्पा पाटीकडं बघतच नव्हता, पोराच्या तोंडाकडं बघत होता. बाप आहे तो. मला व्हिडिओत दिसलं ते त्याला समोर दिसणारच की. अंकितालाही ते कळलं असावं. तिने एकदा बिरप्पाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी खाली बघितलं. मला तिच्याकडं बघवलं नाही.

आणि तिने हात काढला.

मी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. आधी मनगटावर आली. पेन्सिल घसरली आणि पाटीवर एक वाकडी रेघ उठली. तिने मनगट सोडून कोपराला बोटं लावली. पेन्सिल थांबली. तिने तीही बोटं काढली आणि हात आपल्या मांडीवर ठेवून बसली. वर्गातली पोरं कविता म्हणायची थांबली होती. संगप्पाने पाटीकडं बघितलं नाही. त्याने अंकिताच्या मांडीवरचा हात शोधला, उचलला, आणि पुन्हा आपल्या हातावर नेऊन ठेवला. मग खिडकीबाहेर बघायला लागला, बाकीचं काम तिचं असल्यासारखा.

नीलम्माच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त आता ते कशासाठी आहे ते तिला समजत नव्हतं. माने सर घसा खाकरून म्हणाले, आज पाहुणे आहेत ना, बुजलाय. अंकिता बिरप्पाला म्हणाली, त्याला लिहिता येत नाही दादा. मीच लिहीत होते. मलाच कळलं नाही. माफ करा. आवाज इतका खाली की मला पुढं वाकावं लागलं. आपल्या वर्गात, आपल्या पोरांसमोर, आपल्या मुख्याध्यापकांसमोर असं बोलायला किती लागतं ते मला विचारा. माझ्याच्याने झालं नसतं.

मला वाटलं बिरप्पा आता भडकणार. मी तयारीतच होते, मधे पडायच्या. पण तो भडकला नाही. तो नुसता थकलेला दिसत होता, माझ्याहून जास्त.

"बाई, लिवायचं कोण म्हणलं होतं तुमाला?" तो म्हणाला.

अंकिता म्हणाली, तुम्हीच म्हणाला होता ना, शिकला तर ठेवतो.

"शिकला म्हणजे लिवायला व्हय?" त्याने पाटी बाजूला सारली. "लिवून काय कलेक्टर व्हायचाय का ह्यो? मी आठवी शिकलोय, मला कुटं लिवायला लागतंय? ह्याची आई अजून एकेक घास तोंडात घालती ह्याच्या. तिला ताप आला तर दिवसभर उपाशी बसतंय, पण ताटाला हात लावत न्हाय. आमच्या माघारी ह्याला कोण भरवणार हाय, सांगा की. तितं होस्टेलात ह्याच्याहून बारकी पोरं आपल्या हातानं जेवत्यात, मी डोळ्यानं बघून आलोय. म्हणून पाठवायचं. मला काय हौस हाय का पोरगं लांब टाकायची?"

मी अंकिताकडं बघितलं, अंकिताने माझ्याकडं. दिवाळीपासून आम्ही दोघी 'शिकला' ह्या एका शब्दावर पाटी-पेन्सिल घेऊन बसलो होतो. शाळेतल्या माणसांना शिकला म्हटलं की अक्षर दिसतं. त्याला विचारायचं तरी, बाबा रे, तुला ह्याने काय शिकायला पाहिजे? नाही विचारलं. मी प्रशिक्षणात आख्खा एक तास 'पालकांशी संवाद' घेते, आणि हे एक वाक्य कुणी विचारलं नाही, मीही नाही. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

बिरप्पा उठला. नीलम्माला कानडीत म्हणाला, चल. जूनचं त्याने ठरवूनच टाकलं होतं, हे त्याच्या उठण्यातच होतं. नीलम्मा खालीच बसून राहिली, संगप्पाचं कोपर धरून.

तेव्हा अंकिता म्हणाली, "पण जेवतो की तो."

कुणालाच कळलं नाही ती कुणाबद्दल बोलतेय. बिरप्पाने विचारलं, कोण?

संगप्पा, ती म्हणाली. रोज जेवतो इथं. खिचडी. आपल्या हाताने.

बिरप्पा तिच्याकडं बघत राहिला. आत्ता पाच मिनिटांपूर्वी हिनेच कबूल केलं होतं की लिहिणारी मी होते. आता ही म्हणतेय जेवतो. त्याने हात झटकला आणि दाराकडं निघाला. नीलम्मा मान हलवत होती, न्हाय बाई, मी भरवल्याबिगर न्हाय जेवत. चौदा गावांची पोरं मी बघितलीत, मलाही खरं वाटलं नाही. पण अंकिताच्या तोंडाकडं बघून मला कळलं की ही आता काही वाचवायला बोलत नाहीये. तिला स्वतःलाच आत्ता दिसलं होतं. रोज डोळ्यापुढं होतं आणि ते शिकण्यात धरायचं असतं हेच तिच्या मनात आलं नव्हतं.

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, बिरप्पा, तुम्ही रात्रभर उभे राहून आलाय ना, आणखी थोडं थांबा. मधल्या सुट्टीची घंटा होऊ द्या. नाही जेवला तर जूनची वाट बघू नका, मी स्वतः तुम्हाला होस्टेलची गाडी लावून देते. हे बोलताना माझा आवाज चढला होता, पोरं घाबरून बघत होती. काय करू, थकव्याने माझा असाच चढतो. बिरप्पा थांबला. माझ्या बोलण्याने थांबला की दमला होता म्हणून, कुणास ठाऊक.

आम्ही व्हरांड्यात खांबाआड उभे राहिलो, संगप्पाला दिसणार नाही असे. अंकिता म्हणाली की वाढताना तिच्या एका हातात पातेलं असतं आणि दुसऱ्यात पळी, त्यामुळं संगप्पाला भरवायचं कधी झालंच नाही. पहिले काही दिवस तो नुसता बसून राहायचा, मग एकदा बघितलं तर थाळी रिकामी. शेजारच्याने खाल्ली असेल असं तिला वाटलं. नंतर नंतर तर तिने लक्षच दिलं नाही, कारण काळजीचं काही उरलं नव्हतं. नीलम्मा ह्या वेळी रोज रानात असते, तिने कुठनं बघायचं? संध्याकाळी ती घरी येते, आणि संगप्पा तिच्या पुढ्यात तोंड उघडून बसतो.

घंटा झाली. पोरं उधळली. संगप्पा सगळ्यांच्या मागनं उठला, सावकाश. थाळ्यांच्या ढिगाशी गेला. वरची उचलली, ती आवडली नाही म्हणून ठेवली, खालची ओढली. नळावर गेला. हात धुताना एका पोरीने त्याला ढकललं, त्याने तिला ढकललं. मग ओळीत जाऊन बसला, बरोबर दोघांच्या मधे, आणि ती दोघं त्याच्यासाठी सरकलीसुद्धा नाहीत, म्हणजे जागा ठरलेलीच होती. खिचडी रांधणाऱ्या अक्कम्मा मावशींनी आज अंकिताच्या जागी वाढलं. सगळ्या पोरांनी वदनी कवळ म्हटलं, संगप्पाने त्यात मधेमधे आवाज काढला.

आणि तो जेवायला लागला. पाच बोटांनी, गबागबा, नाकाला लावून, मांडीवर सांडून. मधेच थांबला, खिचडीतली मिरची शोधून काढली, थाळीच्या कडेला ठेवली, आणि पुन्हा सुरू. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. कुणाला त्याचं काही नवल नव्हतं. मी आयुष्यभर ज्याच्यावर प्रशिक्षणं घेतली ते माझ्यापुढं सांडत, बरबटत चाललं होतं आणि ते कुणीही शिकवलेलं नव्हतं. मला रडू आलं. मी डोळे पुसलेही नाहीत.

नीलम्माला राहवेना. बिरप्पाने पदर धरला, तो तिने सोडवून घेतला आणि पोरांच्या ओळी ओलांडत गेली. संगप्पाच्या समोर उकिडवी बसली. त्याच्या हनुवटीला लागलेली शितं आपल्या पदराने पुसली. मग त्याच्या थाळीतली थोडी खिचडी बोटांनी कालवली, घास केला आणि त्याच्या तोंडाशी नेला. ओठ हलवत ती काहीतरी म्हणत होती, घरी रोज म्हणत असेल तेच.

संगप्पाने आईकडं बघितलं. मग तोंड बाजूला फिरवलं.

"ब्याड," तो म्हणाला.

आमच्याकडं कानडीतलं दुसरं काही आलं नाही तरी हे सगळ्यांना येतं. ब्याड म्हणजे नको. त्यात राग नव्हता. सहज म्हणाला, आणि आपल्या थाळीत हात घालून पुढचा घास स्वतः घेतला.

बिरप्पा खांबाला हात लावून उभा होता. खालचा ओठ त्याने दातांखाली दाबून धरला होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "न्हाय पाठवत." आणि तिथनंच बायकोला ओरडून सांगितलं की आजपासून घरी भरवायचं नाही, ताट पुढं ठेवायचं आणि लांब बसायचं. दोन दिवस उपाशी बसला तर बसू दे. अंकिता भिंतीला टेकून खाली बसली.

नीलम्माने ते ऐकलं. ह्याच्यासाठीच तर दिवाळीला तिने अंकिताचे पाय धरले होते, पोरगं घरात राहावं म्हणून. आता ते राहणार होतं. पण ती आमच्याकडं बघत नव्हती. तिचा हात घासासकट तसाच वर होता. तिने डावीकडच्या पोराकडं बघितलं, उजवीकडच्या पोरीकडं बघितलं, सगळी आपापलं खात होती. त्या घासाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिने तो आपल्याच तोंडात घातला आणि चावत बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घास काही केल्या गिळला जात नव्हता.